पहिलं कमिट

माझ्या बऱ्याच वेब प्रोजेक्टांचा गिट लॉग, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंदवही, उघडून अगदी तळाशी गेलं की एक नोंद सापडते. नाव माझं, ईमेल माझा, तारीख-वेळ चोख. आणि त्या नोंदीतली एकही ओळ मी लिहिलेली नसते. नवं अ‍ॅप उभं करून देणारी कमांड फाइल्स मांडून झाल्या की जाता जाता गिटही सुरू करते, सगळं गोळा करून पहिलं कमिट, म्हणजे त्या वहीतली पहिली नोंद, ठोकते आणि त्या मशीनवर ज्याचं नाव नोंदलेलं असेल त्याची सही करून मोकळी होते. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप हेच करायचं. नेक्स्टचं टूल करतं (रिअ‍ॅक्ट, नेक्स्ट, अँग्युलर ही वेब अ‍ॅप बनवायची तयार साधनं), अँग्युलरचंही करतं. पुढे कधीतरी सोबतचा कुणी एखाद्या विचित्र ओळीवर गिट ब्लेम, म्हणजे ओळ कुणाची ते सांगणारी कमांड, चालवतो, समोर माझं नाव येतं आणि विचारणा होते, "हे असं का केलंयस?" खरं उत्तर "मला काय माहीत" हे असतं. पण सही माझी असल्यामुळे ते देता येत नाही. मग शोधाशोध करावी लागते. या शोधाशोधीचा मला हळूहळू नादच लागला.

नव्या प्रोजेक्टला सगळे कोरी पाटी म्हणतात. ती कोरी नसते. पहिल्या एंटरनंतर जे फोल्डर तयार होतं त्यात कुणाकुणाची मतं, सवयी, जुनी भांडणं, एकदा बसलेले चटके असं बरंच काही भरलेलं असतं. अक्षर वळणदार असतं आणि सगळं आयतं हातात येतं, म्हणून ते टोचत नाही इतकंच. माझं म्हणणं असं की हे फोल्डर वाचण्यासारखं असतं, आणि ते वाचायची वेळ अगदी सुरुवातीचीच. नंतर आपली अक्षरं त्यात मिसळतात आणि कुठलं कुणाचं ते ओळखू येईनासं होतं.

आधी जादू उतरवून ठेवू. एनपीएम म्हणजे तयार कोडची पॅकेजं आणून देणारं टूल, आणि व्हीट म्हणजे वेब अ‍ॅप उभारायचं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'एनपीएम क्रिएट व्हीट' असं टाइप केलं की एनपीएम 'क्रिएट-व्हीट' नावाचं पॅकेज शोधतं, उतरवून घेतं आणि चालवतं. 'क्रिएट'नंतर जे नाव द्याल त्याच्या आधी 'क्रिएट-' लावायचं आणि त्या नावाचं पॅकेज आणायचं, एवढीच रीत. ही सोय 2018 पासून आहे. उतरवलेल्या पॅकेजमध्ये एक छोटासा प्रोग्राम असतो आणि काही तयार फोल्डर असतात: रिअ‍ॅक्टसाठी एक, व्ह्यूसाठी एक, टाइपस्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचं काटेकोर रूप, हवं असेल तर आणखी एक. प्रोग्राम दोन-चार प्रश्न विचारतो, त्यानुसार फोल्डर निवडतो, कॉपी करतो आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टचं नाव आणि लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेल्या फाइलमध्ये, तुमच्या प्रोजेक्टचं नाव घालतो. खरं काम म्हणायचं तर इतकंच.

त्या तयार फोल्डरात एक गमतीदार फाइल आहे. गिटने कुठल्या फाइल्स वगळायच्या ते सांगणाऱ्या गिटइग्नोरच्या नावाला सुरुवातीला टिंब लागतं, इथे टिंबाच्या जागी अंडरस्कोर आहे. एनपीएमवर पॅकेज चढवताना गिटइग्नोर या नावाच्या फाइलला एनपीएम स्वतःचा अर्थ लावतं आणि ती जशीच्या तशी पुढे जाऊ देत नाही. म्हणून व्हीटवाल्यांनी तिला वेषांतर करून पाठवलंय. तुमच्याकडे पोचली की प्रोग्राम अंडरस्कोर काढून टिंब लावतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या टूलच्या पोटात अशी साधी हातचलाखी पाहिली की त्याची भीती कमी होते.

कमी व्हावी, पार जाऊ नये. कारण आपण नुकताच इंटरनेटवरून एक प्रोग्राम आणून आपल्या मशीनवर, आपल्या सगळ्या हक्कांनिशी चालवलेला असतो. एनपीएम आधी एकदा विचारतं की अमुक पॅकेज आणावं लागेल, चालेल ना, आणि शेजारी 'वाय' हे अक्षर दाखवतं. हात सवयीने एंटरवर जातोच. 2017 मध्ये 'क्रॉस-एन्व्ह' या लोकप्रिय पॅकेजच्या नावातली मधली रेघ गाळून 'क्रॉसएन्व्ह' नावाचं दुसरंच पॅकेज कुणीतरी एनपीएमवर आणून ठेवलं होतं. रेघ विसरणाऱ्याच्या मशीनवरची एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स, म्हणजे बहुतेक वेळा पासवर्ड आणि किल्ल्या, ते परस्पर बाहेर पाठवत होतं. तेव्हापासून मी ती प्रश्नाची ओळ वाचते. पॅकेजचं नाव अक्षर-अक्षर लावून बघते, आणि मगच पुढे.

मग येतं बारसं. टूल नाव विचारतं आणि आपण अडतो. प्रोजेक्ट अजून डोक्यात धूसर असतो आणि त्याचं नाव मात्र आत्ताच्या आत्ता हवं असतं. नावाबाबत प्रत्येक टूलचं सोवळं वेगळं. एनपीएमला कॅपिटल अक्षर चालत नाही. जँगो या पायथॉन भाषेतल्या वेब साधनाला नाव पायथॉनच्या व्याकरणात बसणारं लागतं, म्हणजे मधे आडवी रेघ नको, सुरुवातीला आकडा नको. 'टेस्ट' हे नाव जँगो नाकारतं, कारण पायथॉनमध्ये त्या नावाचं मॉड्यूल आधीपासूनच नांदतंय. रूबी भाषेतल्या रेल्सलाही 'टेस्ट' चालत नाही, 'डिस्ट्रॉय'ही चालत नाही.

देवनागरी नाव देऊन बघायची खोड मला आहे. पायथॉन 3 पासून नावांत जगातल्या बहुतेक लिप्यांची अक्षरं चालतात, त्यामुळे 'वही' असं नाव दिलं तर जँगो तक्रार न करता ते घेतं. फोल्डर 'वही', आतलं फोल्डर 'वही', सेटिंग्जचा पत्ता 'वही डॉट सेटिंग्ज'. व्हीट फोल्डरला 'वही' म्हणू देतं, पण पॅकेजसाठी वेगळं नाव मागतं. त्याच्या नियमात न बसणारी अक्षरं ते पुसून टाकतं आणि त्या जागी रेघ घालतं, त्यामुळे 'वही'चं सोज्वळ रूप म्हणून ते जे सुचवतं ती असते नुसती एक आडवी रेघ. टर्मिनलचं आणखी वेगळं रडगाणं आहे. त्याचा सगळा हिशेब एका चौकोनात एक अक्षर असा, त्यामुळे बऱ्याच टर्मिनलांत आपल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. हे प्रयोग मी रिकाम्या फोल्डरात करते आणि खऱ्या कामाला गुपचूप रोमन नाव देते. चार माणसांच्या मशीनवर चालवायचंय, उगाच कुणाची परीक्षा कशाला बघा.

नावानंतर प्रश्न. नेक्स्टचं टूल बराच काळ ओळीने विचारत आलंय: टाइपस्क्रिप्ट वापरायचं का, ईएसलिंट (कोडमधल्या चुका दाखवणारं) हवं का, टेलविंड (पान सजवायचं) हवं का, कोड सोर्स नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवायचा का, अ‍ॅप राउटर घ्यायचा का. डाव्या-उजव्या बाणाने हो-नाही करायचं, पुढे जायचं. शिफारस केलेलं उत्तर आधीच अधोरेखित असतं. नवख्याला ज्या प्रश्नांचा अर्थच लागत नाही ते त्याला पहिल्या मिनिटात विचारले जातात, आणि ज्याला अर्थ कळतो त्याला टूलची गरज सगळ्यात कमी असते. पण मला खटकतं ते दुसरंच. ईएसलिंटला आज 'नाही' म्हटलं आणि महिन्याने हवंसं वाटलं तर थोडक्यात भागतं. राउटरचं, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठलं पान ते ठरवणाऱ्या भागाचं, तसं नाही. अ‍ॅप राउटर की जुना पेजेस राउटर, यावर पुढची प्रत्येक फाइल कुठे ठेवायची, डेटा कुठून आणायचा, कुठला कोड सर्व्हरवर चालणार आणि कुठला ब्राउझरमध्ये, हे सगळं ठरतं. वाढलेलं अ‍ॅप एकातून दुसऱ्यात न्यायचं म्हणजे घाम निघतो. पडद्यावर मात्र दोन्ही प्रश्न एकाच मापाच्या अक्षरांत, एकापाठोपाठ एक, तेवढ्याच हलक्या सुरात येतात. कुठला निर्णय पेन्सिलीचा आणि कुठला शाईचा, हे टूलने सांगायला काय हरकत आहे? आता काही टूल्स उलट दिशेला चाललीत. 'आम्ही सुचवतो तेच घ्या' असा एकच पर्याय सगळ्यात वर, बाकी प्रश्न त्याच्या आड.

सुचवलेलं घेणं वाईट नसतं, हे मान्य केलं पाहिजे. ही सगळी परंपराच त्या मुद्द्यावर उभी आहे. डेव्हिड हाइनमायर हॅन्सनने 2004 मध्ये रेल्स लोकांसमोर आणलं आणि 2005 मध्ये 15 मिनिटांत चालतं-बोलतं ब्लॉग बनवून दाखवलं, तेव्हा बघणाऱ्यांना धक्का बसला तो त्याने काय लिहिलं याचा नव्हता. काय लिहावं लागलं नाही, याचा होता. त्या काळी जावाच्या जगात लहानशा अ‍ॅपसाठीही एक्सएमएलच्या फायलींची चळत रचावी लागे. रेल्सने एका कमांडमध्ये सगळी फोल्डरं मांडून दिली आणि बजावलं की टेबलाचं नाव अनेकवचनी, मॉडेलचं एकवचनी, कंट्रोलर इथे, व्ह्यू म्हणजे दिसणारी पानं तिथे. याला धरून चाललात तर आम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही. शिस्त पाळा, मजुरी वाचवा. हा सौदा बहुतेकांना मानवला, मलाही मानवतो.

त्याच 2005 साली जँगो खुलं झालं. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोव्हॅटी आणि सायमन विलिसन यांनी त्याची सुरुवात केली होती. बातमी आज संध्याकाळी लागायची म्हणजे लागायचीच, आणि मजकूर भरणारी माणसं प्रोग्रामर नव्हेत. जँगोमध्ये तयार अ‍ॅडमिन पॅनल अगदी आरंभापासून का आहे, याचं उत्तर त्या कचेरीत आहे. नाव गिटारवादक जँगो राइनहार्टचं. आणि माझी सगळ्यात आवडती खूण म्हणजे टाइमझोन. सेटिंग्जमध्ये टाइमझोन लिहिलाच नाही तर जँगो आजही अमेरिका-शिकागो धरून चालतं. लॉरेन्स गाव त्याच पट्ट्यात येतं. आता नवा प्रोजेक्ट काढणारी कमांड सेटिंग्जमध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहून देते, म्हणून ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पण ती ओळ खोडून बघा, जगातलं कुठलंही अ‍ॅप कॅन्ससच्या घड्याळावर चालायला लागतं.

नंतर 2012 मध्ये योमन नावाचं टूल आलं. त्यात ज्याला वाटेल त्याने आपापला जनरेटर, म्हणजे फोल्डर मांडून देणारा प्रोग्राम, लिहावा अशी मुभा होती, आणि लोकांनी ती मनापासून घेतली. एकाच कामासाठी डझनावारी जनरेटर, त्यातले अर्धे सोडून दिलेले. मग 2016 मध्ये फेसबुककडून क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप आलं. त्याने सगळ्यांहून वेगळी वाट धरली, आणि तिच्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय.

रेल्स, जँगो, व्हीट ही लिहून देणारी टूल्स. जे काही आहे ते तुमच्या फोल्डरात, तुमच्या डोळ्यांसमोर. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप लपवणारं होतं. त्या दिवसांत वेबपॅक (कोड एकत्र बांधणारं) आणि बेबल (तो जुन्या ब्राउझरांना समजेल असा करणारं) जुळवण्यात माणसं जेरीस आली होती, म्हणून त्यांनी हे सगळं एका पॅकेजच्या आत कोंबलं आणि झाकण लावलं. त्याचं नाव रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स. पॅकेज डॉट जेसन उघडलं तर सुरुवातीला जेमतेम तीन नावं: रिअ‍ॅक्ट, रिअ‍ॅक्ट-डॉम आणि हे. कॉन्फिगरेशनची एकही फाइल नाही. फायदा खरा होता. आत सुधारणा झाली की एका पॅकेजचा आकडा वाढवायचा, जगभरच्या अ‍ॅपना ती सुधारणा पोचली. रेल्सच्या किंवा व्हीटच्या तयार फोल्डरात उद्या कितीही चांगला बदल झाला तरी तुमचं कालचं फोल्डर त्याला ओळखत नाही. एकदा कॉपी झाली की नातं तुटलं.

झाकणाच्या आत काही बदलायचं असेल तर एकच दरवाजा होता, 'इजेक्ट'. ती कमांड दिली की टूल विचारायचं, नक्की का, हे कायमचं आहे. इथे शिफारस मात्र 'नाही'ची असायची. हो म्हटलं की आतलं सगळं भसाभसा बाहेर: वेबपॅकची शेकडो ओळींची फाइल, सगळ्या स्क्रिप्ट, पॅकेजची लांबलचक यादी. एखादी बारीकशी गोष्ट बदलायची तर पूर्ण यंत्र अंगावर घ्यायचं, मधला मार्ग नाही. लोकांनी आडवाटा शोधल्या, झाकण न उघडता आत हात घालणारी वेगळी पॅकेजं निघाली. मग इव्हान यूचं व्हीट 2020 मध्ये आलं, डेव्हलपमेंट करताना सगळा कोड आधी एकत्र बांधायची गरजच त्याने काढून टाकली, आणि अख्खी वस्ती तिकडे सरकली. रिअ‍ॅक्टच्या टीमने 2025 च्या फेब्रुवारीत क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप थांबवत असल्याचं जाहीर केलं. झाकणाचा तोटा तेव्हा दिसला. आत काय आहे हे ज्यांनी कधी पाहिलंच नव्हतं त्यांना ते आता उचलून दुसरीकडे न्यायचं होतं. माझा कौल लिहून देणाऱ्या टूलला आहे. नातं तुटलं तरी चालेल, पण घरात काय आहे ते मला दिसलं पाहिजे.

दिसतं म्हणजे काय दिसतं? व्हीटने दिलेला गिटइग्नोर घ्या. जेमतेम दोन डझन ओळी. नोड मॉड्यूल्स (उतरवलेली पॅकेजं) आणि डिस्ट (बांधून तयार झालेला कोड) आहेत, ते अपेक्षितच. मग येतं डीएस-स्टोअर: मॅकचा फाइंडर ज्या ज्या फोल्डरात डोकावतो तिथे तो ही फाइल टाकून ठेवतो. त्याखाली एसयूओ आणि एसएलएन, ही व्हिज्युअल स्टुडिओची पिलावळ. शेवटी एसडब्ल्यू आणि प्रश्नचिन्ह, म्हणजे व्हिम या एडिटरमध्ये फाइल उघडी असताना शेजारी जी तात्पुरती स्वॅप फाइल तयार होते ती. यातला एकही एडिटर मी वापरत नसेन, तरी या सगळ्यांचं उष्टं-खरकटं माझ्या प्रोजेक्टमध्ये सांडू नये याची तजवीज आधीच झालेली आहे. 'लोकल'ने संपणाऱ्या सगळ्या फाइल्स वगळा अशीही एक ओळ आहे. आपल्या मशीनपुरत्या किल्ल्या ज्या फाइलमध्ये ठेवतात ती चुकून सगळ्यांसमोर जाऊ नये म्हणून. ही ओळ किती जणांना वाचवते याची मोजदाद कुणाकडेच नसणार. वाचलेल्यांना तर ते कळतही नाही.

जँगोची सेटिंग्जची फाइल याहून बोलकी. वरच्या बाजूला एक गुप्त किल्ली, दर वेळी नवी तयार केलेली, आणि 2021 च्या 3.2 आवृत्तीपासून तिची सुरुवात 'जँगो-इनसिक्युअर' या शब्दांनी होते. ही किल्ली घेऊन कुणी खऱ्या सर्व्हरवर गेलंच तर जँगोची तपासणी तिला नावावरूनच पकडते. तिच्यावर इशारा, खालच्या 'डीबग ट्रू'वर, म्हणजे चुकांचा तपशील उघड दाखवणाऱ्या ओळीवर, दुसरा इशारा. पुढे मिडलवेअरची, म्हणजे येणारी प्रत्येक विनंती ज्यांतून जाते त्या चौक्यांची, यादी, सात नावं. यातला क्रम सजावटीचा नाही. लॉगिन ओळखणारं मिडलवेअर सेशनच्या नंतर आहे, कारण माणूस कोण ते सेशनमधूनच कळतं. वर-खाली केलं की अ‍ॅप कोसळतं. मधे सीएसआरएफ आहे, म्हणजे दुसऱ्याच साइटवरून तुमच्या नावाने फॉर्म पाठवण्याची लबाडी अडवणारं. शेवटी एक्स-फ्रेम, तुमचं पान कुणी आपल्या पानात लपवून त्यावर तुमच्याकडून क्लिक करवून घेऊ नये म्हणून. खाली पासवर्डचे चार नियम. त्यातला एक 20,000 सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघतो. अख्ख्या वेबला ज्या ठेचा लागल्या त्या इथे ओळीने मांडून ठेवल्यात, आणि शिकवणीची फी कुणीतरी आधीच भरलेली आहे.

सगळं असं उदात्त नसतं. इन्स्टॉल संपलं की एनपीएम त्रुटींचा हिशेब सांगतं: इतक्या मध्यम, इतक्या गंभीर. अजून आपण एक अक्षर लिहिलेलं नसतं आणि आपल्या अ‍ॅपमध्ये गंभीर त्रुटी निघालेल्या असतात. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपच्या उतरत्या काळात 'एनटीएच-चेक' नावाच्या एका खोल दडलेल्या पॅकेजवरून हा गजर कित्येक महिने वाजत होता. ते पॅकेज अ‍ॅप बांधताना आपल्याच मशीनवर चालायचं, तिथे हल्ला करायचा तर तो आपणच आपल्यावर करायला हवा. असल्या गजरांनी होतं एवढंच की खरा गजर वाजला तरी कुणी मान वर करत नाही.

आणि खरे गजर वाजतात. 2016 च्या मार्चमध्ये 'लेफ्ट-पॅड' हे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं. शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरणारं, 11 ओळींचं. बेबल त्यावर टेकलेलं, बेबलवर निम्मं जग टेकलेलं. जगभरच्या बांधण्या पडल्या आणि एनपीएमला ते पॅकेज परत आणावं लागलं. पॅकेज डॉट जेसनमध्ये आपण पाच-दहा नावं बघतो; नोड मॉड्यूल्स उघडलं तर शेकडो असतात, आणि आपण ओळखत नसलेल्या माणसांची असतात.

वाचून झालं की मी मोडतोड करते. भाड्याच्या घरात आधीच्या बिऱ्हाडाने भिंतीत मारलेले खिळे असतात तसं हे. कुठला कशाला होता ते कळत नाही, म्हणून कुणी उपटत नाही, आणि मग त्यांना आपलेच कपडे अडकून फाटतात. फिरणारा लोगो, 'काउंट इज झिरो' म्हणणारं बटण, नमुन्याची सीएसएस, सगळं पहिल्या दिवशी काढायचं. सगळ्यात आधी पानाचं शीर्षक. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप शीर्षकात 'रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' लिहून द्यायचं आणि वर्णनात 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप वापरून बनवलेली वेबसाइट'. ही दोन वाक्यं सर्च इंजिनात टाकून बघा. खऱ्या संस्थांच्या, खऱ्या दुकानांच्या साइट्स ब्राउझरच्या टॅबवर आजही 'रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' हेच नाव मिरवताना सापडतात. अ‍ॅप बनवणाऱ्याच्या डोळ्यांना ते शब्द इतके सरावतात की दिसेनासे होतात. टॅबवरचा व्हीटचा लोगो त्याचाच भाऊ.

आपल्या मशीनवर चालणारं अ‍ॅप ज्या दारावर सापडतं त्या पोर्टचे आकडेही असेच पूर्वजांकडून आलेले. रेल्स 3000 वर, जँगो 8000 वर, अँग्युलर 4200 वर. 1024 च्या खालचे पोर्ट युनिक्सने परंपरेने फक्त मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवले, म्हणून सगळे त्याच्या वर नांदतात. व्हीट आधी 3000 वरच असायचं, 2022 मध्ये तिसऱ्या आवृत्तीत 5173 वर गेलं. पाच म्हणजे रोमन व्ही, एक म्हणजे आय, सात उलटा टी, तीन उलटा ई. नावच आहे ते. असला पोरकटपणा मला आवडतो.

हल्ली ही सगळी कमांड टाळून लोक एआयला सांगतात, एक अ‍ॅप उभं करून दे. ते देतं, बरं देतं. कधी तेच टूल चालवतं, कधी आठवणीतून फाइल्स लिहितं, आणि आठवण जुनी असेल तर बंद पडलेल्या टूलची शिफारसही करतं. माझा आक्षेप वेगळा आहे. टेम्प्लेटमधून निघालेलं फोल्डर हजारो लोकांकडे तंतोतंत तसंच असतं. त्यात चूक असेल तर ती सगळ्यांना एकदम बोचते, कुणीतरी बोंब मारतं आणि ती दुरुस्त होते. आठवणीतून लिहिलेलं फोल्डर एकट्या तुमचं. त्यातली चूक जगात दुसऱ्या कुणालाच भेटणार नाही. शिवाय तुलना करायला मूळ प्रत उरत नाही, आणि मला तिची फार गरज पडते.

कारण जुना, अनोळखी प्रोजेक्ट हातात आला की मी त्याचा कोड थेट वाचायला घेत नाही. आधी तो ज्या आवृत्तीतून निघाला ती शोधते, वेगळ्या फोल्डरात त्याच आवृत्तीची कमांड चालवून त्याच नावाचा नवा प्रोजेक्ट काढते, आणि दोन्हींवर डिफ, म्हणजे फरक दाखवणारी कमांड, चालवते. जे सारखं ते टूलचं. जे वेगळं ते माणसांचं. रेल्सवाल्यांनी ही युक्ती आवृत्ती बदलताना वापरायची म्हणून रुळवली आहे. त्यांची अपडेटची कमांड फाइलमागून फाइल विचारत जाते, ही बदलू का, फरक दाखवू का. मला ही युक्ती माणसं ओळखायला उपयोगी पडते. शेकडो ओळींची सेटिंग्जची फाइल मूठभर ओळींवर येते.

अशाच एका जँगो प्रोजेक्टच्या डिफमध्ये टाइमझोन बदललेला होता, डेटाबेस बदललेला होता, आणि मिडलवेअरच्या यादीतल्या सीएसआरएफच्या ओळीपुढे एक हॅश होता, म्हणजे ती ओळ बंद केलेली होती. शेजारी खुलासा काही नाही. गिट ब्लेमला विचारलं तर एका शुक्रवारी उशिरा केलेलं कमिट निघालं, संदेश 'फॉर्म फिक्स'. म्हणजे कुठला तरी फॉर्म 403, म्हणजे 'परवानगी नाही' ही चूक, देत होता, आणि तो चालावा म्हणून सगळ्या साइटचा पहारेकरीच घरी पाठवला होता. मी हॅश काढून प्रत्येक पानावरचा फॉर्म भरून बघितला. एकच अडला, संपर्काचा. त्याच्या टेम्प्लेटमध्ये सीएसआरएफ टोकनची, म्हणजे फॉर्म आपल्याच साइटचा असल्याच्या खुणेची, ओळ राहून गेली होती. ती घातली, फॉर्म पुन्हा पाठवला. गेला. मग माझं कमिट केलं आणि संदेशात कारण लिहिलं.